जुन्या गाडींतील विजेची परतीची वाट

माझ्या मामांच्या घरीं एक जुनी पिकअप गाडी आहे. १९८६ सालची, डिझेलवर चालणारी. पुढें दोघांना बसण्यापुरती जागा आणि मागें उघडा हौदा. सासवडच्या बाजूला मामांची सीताफळांची बाग आहे. श्रावण-भाद्रपदांत फळ उतरूं लागलें म्हणजे रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास ही गाडी भरून निघते, दिवे घाट उतरते, आणि उजाडण्यापूर्वीं पुण्याच्या गुलटेकडीच्या बाजारांत पोंचते. पुष्कळ वर्षें तिनें हा क्रम चुकविलेला नाहीं.

२०१९ सालच्या भाद्रपदांत अशाच एका पावसाळी रात्रीं मामा घाट उतरून वडकीपाशीं आले असतां मागून येणारा दुधाचा एक टँकर हॉर्न वाजवीत त्यांच्या बरोबरीला आला. चालकानें खिडकींतून डोकें बाहेर काढून सांगितलें, "अहो काका, मागं दिवा हाय का न्हाई तुमच्या गाडीला? ब्रेक मारला की इजतोय बघा! दोनदा अंगावर आलो असतो." एवढें बोलून तो निघून गेला. मामांनीं गाडी कडेला घेतली, खालीं उतरले, मागें जाऊन पाहिलें, तों दोन्ही तांबडे दिवे व्यवस्थित जळत होते! त्या माणसाला झोंप आली असावी, अशी मनाची समजूत घालून ते पुढें गेले.

श्रोतेहो, त्या टँकरवाल्याच्या एका वाक्यांत गाडीच्या रोगाचें संपूर्ण निदान होतें. तें आम्हांला उमगण्यास पुढें सात आठवडे लागले. आणि त्या सात आठवड्यांत मामा पंधरा-वीस वेळां तरी तो घाट उतरले. काय होऊं शकलें असतें ह्याची कल्पना आली म्हणजे आजही अंगावर कांटा येतो. म्हणूनच ही घरगुती हकीकत आज आपल्यापुढें मांडीत आहें.

मामींनीं हट्ट धरल्यावरून गाडी एका मागून एक अशी तीन ठिकाणीं दाखविण्यांत आली. पहिल्या ठिकाणीं मागचे दोन्ही बल्ब बदलले. दुसऱ्या ठिकाणीं बॅटरी थकली आहे असें सांगून नवी बॅटरी बसविली. तिसऱ्या ठिकाणीं अल्टरनेटर बदलला आणि शेवटीं सर्व वायरिंगच नवें करावें लागेल असा सल्ला दिला. ह्यांपैकीं कोणी लबाडी केली असें मला म्हणावयाचें नाहीं. प्रत्येकानें दिवे लावले, मागें जाऊन पाहिलें, दिवे जळत आहेत अशी खात्री करून घेतली. पण ज्याचा पाय ब्रेकवर असतो त्याचे डोळे गाडीच्या मागें असूं शकत नाहींत! तपासणारा एकटा होता आणि दोष असा होता कीं, तो पाहण्यास दोन माणसें लागावींत.

शेवटीं ओळखीच्या एका वृद्ध विद्युत्कारागिरांकडे आम्ही गेलों. गाड्यांच्या वायरिंगमध्यें त्यांचे केंस पांढरे झालेले. त्यांनीं मला गाडींत बसविलें, स्वतः मागें एका खोक्यावर जाऊन बसले, आणि पहिलीं दहा मिनिटें कोणत्याही हत्याराला हात न लावतां मला नुसते हुकूम सोडीत राहिले. "दिवे लावा. आतां ब्रेक दाबा. सोडा. पुन्हा दाबा." मग मला मागें बोलावून मामांना आंत बसविलें आणि म्हणाले, "आतां तुम्हीच बघा." मीं पाहिलें. दिवे नीट जळत होते. मामांनीं ब्रेकवर पाय ठेवतांच, ज्या क्षणीं ते अधिक तेजानें उजळावयाचे, त्याच क्षणीं ते दोन्ही निखारा विझावा तसे मंदावले. आणि ह्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, गाडीच्या पुढच्या बाजूला वळण दाखविणारे जे पिवळे दिवे असतात, ते कोणीं लावलेले नसतांना अंधुक उजळले.

म्हातारेबुवा हंसून म्हणाले, "वीज जाते ती वाट सगळे बघतात. येते ती वाट कोणी बघत नाहीं."

हें वाक्य मला आजच्या विषयाचें सार वाटतें. जुन्या गाडीच्या विजेंत जे दोष उद्भवतात त्यांपैकीं पुष्कळसे विजेच्या जाण्याच्या वाटेवर नसून परतीच्या वाटेवर असतात. परतीची वाट दिसत नाहीं, म्हणून ती तपासली जात नाहीं. आणि ती तपासली जात नाहीं म्हणून चांगल्या वस्तू फेंकून देऊन नव्या विकत घेतल्या जातात.

ही परतीची वाट म्हणजे काय? विहिरीवरचें रहाटगाडगें डोळ्यांपुढें आणा. भरलेलीं गाडगीं एका बाजूनें वर येतात, रिकामीं होतात आणि दुसऱ्या बाजूनें खालीं जातात. माळ अखंड आहे तोंवरच पाटाला पाणी. उतरत्या बाजूची माळ कोठें अडकली, तर चढती बाजूही जागच्या जागीं थांबते. मग विहिरींत पाणी कितीही असो. विजेचेंही असेंच आहे. बॅटरीच्या एका टोकापासून निघालेला प्रवाह दिव्यांतून जाऊन बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला परत पोंचला पाहिजे. वाटेंत कोठेंही खंड पडला कीं दिवा विझलाच.

आपल्या घरांतील दिव्याकडे दोन तारा गेलेल्या असतात. एक जाण्याची, दुसरी येण्याची. गाडीच्या दिव्याकडे मात्र पुष्कळदां एकच तार जातांना दिसते. गाडीचा सांगाडा मुळांतच लोखंडाचा, आणि लोखंडांतून वीज वाहते. तेव्हां परतीच्या वाटेचें काम ह्या सांगाड्यावरच सोंपवून तांबें वांचविण्याची युक्ति गाडी बांधणारांनीं योजिली. दिव्याचें बूड सांगाड्याला टेकलेलें, आणि बॅटरीचें एक टोंक जाड तारेनें त्याच सांगाड्याला बांधलेलें. ह्या जोडणीला कारागीर अर्थ किंवा अर्थिंग म्हणतात. नांव असें असलें तरी जमिनीशीं तिचा कांहीं संबंध नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

नव्या गाडींत ही युक्ति उत्तम चालते. पण गाडी म्हातारी झाली कीं तिचा सांगाडा हा एकसंध लोखंडाचा तुकडा राहत नाहीं. बोल्टांखालीं गंज चढतो. तांब्याच्या तारेच्या टोंकांवर हिरवा कळंक येतो. पत्र्यावर रंगाचे थर बसतात. आणि गंज, कळंक व रंग हे तिघेही विजेचे वैरी आहेत. त्यांतून पिकअप गाडीचा हौदा हा सांगाड्याचा भाग नसून सांगाड्यावर ठेवून बोल्टांनीं आवळलेली वेगळी पेटी असते. आमच्या गाडीच्या हौद्याचा पत्रा सडला होता, म्हणून त्याच वर्षीं उन्हाळ्यांत तो उतरवून वेल्डिंग करून घेतला होता, आंतबाहेर रंगाचे दोन-तीन हात दिले होते, आणि खडखडाट होऊं नये म्हणून खालीं नव्या रबरी पट्ट्या घालून तो पुन्हा बसविला होता. काम नामी झालें होतें. इतकें नामी, कीं हौदा आणि सांगाडा ह्यांच्यामध्यें वीज जाण्यास कोठें जागाच उरली नव्हती!

तर मग ब्रेक न दाबतां मागचे दिवे जळत होते ते कसे? ह्याचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. हौद्यावर मागच्या तांबड्या दिव्यांखेरीज ब्रेकचे आणि वळणाचेही दिवे असतात आणि त्या सर्वांचीं बुडें त्याच हौद्याला टेकलेलीं असतात. आपली वाट बंद झाली असें पाहून प्रवाह हौद्यांतून मागच्या वळणाच्या दिव्यांत शिरला. तेथून तारेनें पुढच्या वळणाच्या दिव्यांत गेला. आणि पुढचे दिवे मूळ सांगाड्याला नीट जोडलेले असल्यामुळें तेथून बॅटरीकडे परतला. मागचा दिवा ५ वॅटचा, वळणाचा २१ वॅटचा. लहान दिव्याच्या अल्प प्रवाहाला मोठ्या दिव्याची जाड तार फारशी अडचणीची होत नाहीं. म्हणून तांबडे दिवे जवळजवळ पूर्ण तेजानें जळत, आणि वळणाचे दिवे उजळण्याइतका प्रवाह त्यांतून जात नसल्यामुळें कोणाला कांहीं संशय येत नसे.

पण ब्रेक दाबला कीं २१ वॅटचे दोन नवे दिवे रिंगणांत उतरत. त्यांचा सगळा प्रवाह त्याच आडवाटेनें जाऊं पाहे. आतां ब्रेकचा दिवा, मागचा वळणाचा दिवा आणि पुढचा वळणाचा दिवा असे तीन सारखे दिवे एकामागें एक आले, आणि बॅटरीचे १२ व्होल्ट त्यांनीं सारखे वांटून घेतले. प्रत्येकाच्या वांट्याला चार. म्हणजे हौदा, जो शून्य व्होल्टावर असावयाचा, तो आठ व्होल्टांवर चढला. मागच्या तांबड्या दिव्याला एका बाजूनें बारा आणि दुसऱ्या बाजूनें आठ! त्यालाही चारच उरले. तारेच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या मानानें फार झपाट्यानें घटतो. दाब दहा टक्के कमी झाला तर प्रकाश सुमारें तीस टक्के कमी होतो. आणि दाब एकतृतीयांशावर आला तर प्रकाश जेमतेम चाळिसाव्या हिश्शावर येतो. पावसाच्या रात्रीं मागून येणाऱ्या माणसाला तो दिसण्याचा संभवच नाहीं. अर्थात् मामा गाडी थांबवूं लागले कीं त्याच क्षणीं ती मागच्या माणसाच्या दृष्टीनें अंधारांत नाहींशी होत असे.

हें सर्व त्या वृद्ध गृहस्थांनीं तर्कानें ओळखलें, आणि मग मीटर लावून ताडून पाहिलें. ही चाचणी इतकी सोपी आहे कीं ती प्रत्येक गाडीवाल्यानें शिकून घ्यावी. दिवा लावलेला ठेवावा. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकावर आणि दुसरें दिव्याच्या धातूच्या बुडावर टेकवावें. परतीची वाट मोकळी असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवील. एकदशांश-दोनदशांश व्होल्ट चालतील. त्याहून अधिक आकडा आला तर तितका दाब परतीच्या वाटेंत फुकट जात आहे असें समजावें. आमच्या गाडीवर ब्रेक दाबलेला असतांना मीटरनें जवळजवळ आठ व्होल्ट दाखविले. मग दुसरें टोंक हौद्यावरून काढून सांगाड्यावर टेकविलें, तों आकडा एकदम शून्यावर आला. दोष कोठें आहे, हें तीन मिनिटांत निश्चित झालें.

उपाय काय केला? दोन हात जाड तार घेतली. तिच्या दोन्ही टोंकांना तांब्याचे लग दाबून बसविले. हौद्याचा आणि सांगाड्याचा एकेक बोल्ट काढून त्याखालील रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरडला, दांतेरी वॉशर घालून तार आवळली, आणि ओल लागूं नये म्हणून वरून ग्रीस चोपडलें. बदललेल्या बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या किमतीपुढें हा खर्च सांगण्याच्याही लायकीचा नव्हता.

आतां ह्या एका उदाहरणावरून सर्वसाधारण रीत काय निघते तें पाहूं. पहिला नियम हा कीं, वस्तु बदलण्यापूर्वीं मोजावें, आणि मोजतांना दिवा किंवा यंत्र चालू असावें. जर्मन शास्त्रज्ञ ओम ह्यानें १८२७ सालीं आपला प्रसिद्ध नियम मांडला, त्याचा व्यवहारांतील अर्थ असा: वाटेंतील अडथळा खातो तो दाब त्यांतून किती प्रवाह जातो ह्यावर अवलंबून असतो. प्रवाह नाहीं तर अडथळाही दिसत नाहीं. डिझेल गाडीचा स्टार्टर दोनशें ॲम्पियरच्या आसपास प्रवाह ओढतो. बॅटरीच्या टोंकावर चढलेल्या पांढऱ्या बुरशीनें एका ओमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा केला, तरी दोनशें ॲम्पियरला तो दोन व्होल्ट गिळतो, आणि इंजिन कण्हत कण्हत फिरतें. त्याच अडथळ्यांतून लहान दिव्याचा अर्धा ॲम्पियर बिनतक्रार जातो. म्हणून 'दिवा लागतो, अर्थात् जोडणी ठीक आहे' हें अनुमान खोटें आहे.

दुसरा नियम, आरंभ बॅटरीपासून करावा. १२ व्होल्टांची पूर्ण भरलेली बॅटरी गाडी कांहीं तास उभी राहिल्यावर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी झाली. १२ च्या खालीं म्हणजे जवळजवळ संपली. इंजिन चालू असतां हाच आंकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढावा. चढला नाहीं तर अल्टरनेटर भरण करीत नाहीं. १५ च्या वर गेला तर तो प्रमाणाबाहेर भरून बॅटरीचा नाश करीत आहे. हे दोन आंकडे आम्हीं पहिल्याच दिवशीं घेतले असते, तर बॅटरी आणि अल्टरनेटर हे दोघेही निर्दोष असल्याचें कळून आलें असतें.

ज्यांच्याकडे हौसेनें जतन केलेली फारच जुनी गाडी असेल त्यांनीं एक गोष्ट आधीं पाहावी. अमेरिकेंत १९५५-५६ च्या सुमारास पिकअप गाड्या सहा व्होल्टांवरून बारा व्होल्टांवर आल्या. त्यापूर्वींच्या गाडीला वरचे आंकडे निम्मे करून लावावे लागतील. तसेंच १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असे. कोणतें टोंक सांगाड्याला आहे हें न पाहतां नवी बॅटरी लावणें म्हणजे अनर्थ ओढवून घेणें होय.

तिसरा नियम फ्यूजविषयीं. फ्यूज ही घरच्या राखणदारासारखी वस्तु आहे. ती जळली म्हणजे तिनें आपलें कर्तव्य केलें. तिला दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु घाईंत असलेला माणूस तेथें सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी कागदी किंवा जाड तार अडकवितो आणि पुढें चालूं लागतो. ह्याचा परिणाम असा कीं, पुढच्या वेळीं फ्यूजऐवजीं आंतली तारच तापते, तिचें आवरण वितळतें, आणि आग गाडीच्या पोटांत लागते. फ्यूज पुन्हा पुन्हा जळत असेल तर तिच्या जागीं २१ वॅटचा एक साधा बल्ब दोन तारांनीं जोडावा, आणि त्या फांट्यावरचीं सर्व उपकरणें बंद ठेवावींत. कोठें तरी तार सांगाड्याला चिकटली असेल तर बल्ब पूर्ण तेजानें पेटेल. पण तार जळणार नाहीं, कारण बल्ब स्वतःहून अधिक प्रवाह जाऊंच देत नाहीं. मग तारांचा जुडगा जागोजाग हळूच हलवीत जावें. जेथें हात लागतांच बल्ब विझेल, तेथें घासलेली तार आहे असें समजावें. बहुधा ती पत्र्याच्या छिद्रांतून जात असते आणि छिद्राच्या कडेचें रबर झिजून गेलेलें असतें.

चौथा दोष म्हणजे रात्रींत बॅटरी उतरणें. गाडी बंद करून, दारें लावून, बॅटरीची ऋण तार काढावी आणि तार व टोंक ह्यांच्यामध्यें ॲम्पियर मोजणारें मीटर घालावें. मीटर असें मध्यें असतांना गाडी सुरू करण्याचा प्रयत्न मात्र चुकूनही करूं नये. आमच्यासारख्या जुन्या गाडींत हा आंकडा शून्याच्या जवळपास असावयास हवा. संगणक असलेल्या नव्या गाड्यांतही तो सुमारें ५० सहस्रांश ॲम्पियरपेक्षां वर नसावा. एक ॲम्पियर जरी गळत असला तरी ६० ॲम्पियर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत रिती होते. मग एकेक फ्यूज काढून पाहावी. जी काढतांच आंकडा पडेल त्या फांट्यावर चोर आहे. सर्व फ्यूज काढूनही आंकडा कायम राहिला, तर अल्टरनेटरची जाड तार सोडवून पाहावी. आंतील डायोड बिघडला म्हणजे तो उलट्या दिशेनें वीज झिरपूं देतो.

जुन्या गाडीच्या विजेला आणखी एक रोग जडतो, तो माणसांनीं लावलेला. गेल्या तीस वर्षांत कोणी गाणीं लावण्याचें यंत्र बसविलें, कोणी जादा दिवे, कोणी मोठा हॉर्न; आणि प्रत्येकानें हाताशीं सांपडली ती तार सोलून तिला पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळली. दोन पावसाळ्यांत पट्टी सुटते आणि पिळांत कळंक शिरतो. दोष हुडकतांना गाडीच्या मूळ वायरिंगपेक्षां हे मागाहून मारलेले जोड आधीं पाहावेत. तसेंच जादा दिव्यांचा भार जुन्या बटणावर टाकूं नये. ६० वॅटचा एक दिवा १२ व्होल्टांवर पांच ॲम्पियर घेतो, दोन दिवे दहा. म्हाताऱ्या बटणाच्या आंतील संपर्क इतक्यानें तापतात. रिले नांवाची लहानशी डबी बसविली म्हणजे बटणांतून नाममात्र प्रवाह जातो, आणि मोठा प्रवाह बॅटरीपासून स्वतंत्र जाड तारेनें, स्वतःच्या फ्यूजमधून, दिव्याकडे जातो.

हात घालण्यापूर्वीं कांहीं पथ्यें पाळावींत. अंगठी, कडें, घड्याळ काढून ठेवावें. बॅटरीच्या धन टोंकाला आणि सांगाड्याला एकाच वेळीं टेकलेली अंगठी क्षणार्धांत लाल होते. बॅटरी सोडवितांना सांगाड्याला जोडलेलें टोंक प्रथम काढावें आणि लावतांना तें शेवटीं लावावें. भरण होत असलेल्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. जवळ काडी ओढूं नये. इंजिन चालू असतां बॅटरी कधींही सोडवूं नये, आणि गाडीवर वेल्डिंग करावयाचें असल्यास बॅटरी व अल्टरनेटर दोन्ही आधीं सोडवून ठेवावेत, नाहीं तर नाजूक डायोड जळण्याची भीति असते.

हें सर्व सांगितलें तरी मुख्य मुद्दा मला मीटरचाही वाटत नाहीं. त्या टँकरवाल्यानें 'तुमचा दिवा बंद आहे' असें म्हटलें नव्हतें. 'ब्रेक मारला कीं विझतो' असें तो म्हणाला होता. त्यानें पाहिलें तेंच, आणि जेवढें पाहिलें तेवढेंच, सांगितलें. आम्हीं मात्र त्याचें अर्धें वाक्य ऐकलें, अर्धें टाकून दिलें, आणि गाडी दुरुस्तीला नेतांना 'मागच्या दिव्यांत कांहीं तरी बिघाड आहे' एवढेंच सांगत राहिलों. जें लक्षण केव्हां होतें, काय केलें असतां होतें आणि त्याच वेळीं दुसरें काय होतें, हें नीट सांगितलें जातें, त्याचें निम्में निदान तेथेंच होऊन जातें. डॉक्टरपुढें आपण हें करतों. गाडीच्या बाबतींत करीत नाहीं.

त्या भल्या माणसाचा आम्हांला पुढें पत्ता लागला नाहीं. पण मामांच्या घरीं तेव्हांपासून एक नवा रिवाज पडला आहे. रात्रीं गाडी भरून झाली, दोऱ्या आवळून झाल्या, कीं मामा गाडींत बसून दिवे लावतात आणि ब्रेकवर पाय ठेवतात. मामी पदर डोक्यावर घेऊन अंगणांत गाडीच्या मागें उभ्या असतात. मागचे दिवे भडकून उजळले, कीं त्या मोठ्यानें म्हणतात, "लागले हो!" आणि ते शब्द कानांवर आल्याखेरीज मामा पायरीवरून पाय उचलीत नाहींत.